बँकेच्या खिडकीपुढचा सभासद हाही ग्राहकच



या अंकासाठी खोडव्यातील पाचट व्यवस्थापनावर लिहून द्यावे असे संपादक मंडळाने आम्हांला सांगितले होते, आणि निम्मा लेख लिहूनही झाला होता. पण गेल्या पंधरवड्याचे बिल जमा झाल्यावर गट ऑफिसात एक प्रसंग घडला आणि पाचट पुढील अंकावर ढकलून आज बँकेविषयी लिहिण्याचे ठरविले. शेतकी खात्याने बँकेच्या कारभारात कशाला डोके घालावे, असे कोणी म्हणेल. पण उसाची नोंद आमच्याकडे, कर्जासाठी लागणारा नोंदीचा दाखला आमच्याकडे, टनेजचा हिशेब आमच्याकडे. आणि बिलाचे पैसे बँकेत गेले की आमचा संबंध संपला, हे आम्हांला तरी पटत नाही.

प्रसंग असा. गटातील एक वयस्कर सभासद, आम्ही सारे त्यांना तात्याच म्हणतो, पासबुक घेऊन आले. म्हणाले, "साहेब, टनेज बरोबर हाय, सोसायटीचं कापलं ते बी बरोबर हाय. पण ही बारा हजार कुठं गेली तेवढं सांगा." पासबुकात इंग्रजीत चार-सहा अक्षरे होती, त्यावरून काहीच बोध होईना. मागची पाने चाळली तर गेल्या वर्षी त्याच महिन्यात बारा हजार, आणि त्याच्या आदल्या वर्षीही बारा हजार. तीन वर्षांचे छत्तीस हजार झाले. शाखेत फोन लावला. पलीकडून उत्तर आले की तो विम्याचा हप्ता आहे, तात्यांनी ठिबकसाठी कर्ज घेतले तेव्हा पॉलिसी काढलेली आहे, आणि कागदावर त्यांची सही आहे.

सही होती, हे खरे. तात्यांनीही नाकारले नाही. "साहेबांनी बोट ठेवलं तिथं मी सही केली. वीस-पंचवीस सह्या होत्या. त्यात विमा होता का वाटणीपत्र होतं, मला काय ठावं?" पॉलिसीचा कागद घरी कधी आला नव्हता. कितीचा विमा, किती वर्षांचा, वारस कोण, काहीच माहीत नाही.

आम्ही म्हणालो, तात्या, लेखी तक्रार करू. त्यावर त्यांनी जे उत्तर दिले त्यामुळे हा लेख लिहीत आहोत. ते म्हणाले, "नको साहेब. बँकेशी वैर कशाला? पुढल्या साली कर्ज लागंल." छत्तीस हजार रुपये गेले, आणि वर भीतीही त्यांनाच! दुकानात खताचे पोते फाटके निघाले तर हाच माणूस दुकानदाराला चार शब्द सुनावतो आणि पोते बदलून आणतो. बँकेच्या खिडकीपुढे मात्र टोपी हातात घेऊन उभा राहतो. बँक म्हणजे सरकार, मॅनेजर म्हणजे मामलेदार, ही समजूत आपल्या मनातून अजून गेलेली नाही. वास्तविक तो पैसा आपला, त्यावर चालणारे दुकान त्यांचे, आणि आपण त्या दुकानाचे गिऱ्हाईक. एवढी साधी गोष्ट आहे, आणि कायदाही तेच म्हणतो.

पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले तेव्हा ग्राहकासाठी असा वेगळा कायदा देशात नव्हता. तो झाला १९८६ साली. राष्ट्रपतींची त्यावर सही २४ डिसेंबरला झाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. (तो दिवस ऐन हंगामात येतो, त्या दिवशी आपण सगळे तोडीच्या चिठ्ठीमागे असतो, त्यामुळे आपल्याला त्याची वार्ताही नसते.) पुढे नवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ साली झाला आणि २० जुलै २०२० पासून अमलात आला. दोन्ही कायद्यांत 'सेवा' या शब्दाची जी व्याख्या दिली आहे तीत बँकिंगचे नाव स्पष्ट घातले आहे. कर्ज घेणारा कसला ग्राहक, तो तर ऋणको, असा वाद बँकांनी घालून पाहिला. पण सर्वोच्च न्यायालयाने २००० साली विमलचंद्र ग्रोव्हर विरुद्ध बँक ऑफ इंडिया या खटल्यात सांगितले की बँक कर्जाची सोय देते तीही सेवाच, आणि ती घेणारा हा ग्राहकच. व्याजाच्या आणि आकारांच्या रूपाने आपण त्या सेवेचे मोल देतोच की.

आता आपल्या मंडळींचा खरा प्रश्न पुढे येतो. आपल्यापैकी बहुतेकांचा व्यवहार व्यापारी बँकेपेक्षा गावच्या विकास सोसायटीशी आणि जिल्हा बँकेशी असतो. तिथे आपण सभासद, म्हणजे मालक. मालकाने आपल्याच संस्थेविरुद्ध ग्राहक म्हणून कशी तक्रार करावी? भांडण असेल तर सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जावे, असे सेक्रेटरी मंडळी सांगतात, आणि आपण गप्प बसतो.

याविषयी एक निकाल प्रत्येक सभासदाने लक्षात ठेवावा असा आहे. तमिळनाडूतील थिरुमुरुगन सहकारी कृषी पतसंस्थेकडे तिच्या सभासदांनी भाताची पोती तारण ठेवून कर्ज घेतले होते. पुढे वाद झाला. कर्जाची रक्कम घ्या आणि आमची पोती परत करा, नाहीतर पोत्यांचा बाजारभावाने पैसा द्या, अशी मागणी घेऊन ते सभासद जिल्हा ग्राहक मंचात गेले. संस्था म्हणाली, हे सभासद आणि संस्था यांच्यातले भांडण, त्याला सहकार कायद्यात वेगळी सोय आहे, ग्राहक मंचाचा इथे संबंध नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने सांगितले की ग्राहक कायद्याने दिलेला उपाय हा इतर कायद्यांतील उपायांच्या जोडीला दिलेला जादा उपाय आहे. सहकार कायद्यात सोय आहे एवढ्यावरून ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही. नव्या कायद्यातही कलम १०० मध्ये हे तत्त्व कायम आहे. भाताच्या पोत्यांच्या जागी आपण सोने धरा, नाहीतर ७/१२ वरचा बोजा धरा. कर्ज फिटूनही सोने मिळत नाही, बेबाकी दाखल्यासाठी सहा हेलपाटे, बोजा उतरवायचे पत्र तलाठ्याकडे जातच नाही, हे आपल्या रोजच्या ओळखीचे आहे.

आम्ही स्वतः सहकारी संस्थेचे नोकर आहोत, म्हणून हे लिहिताना हात थोडा आखडतो, हे कबूल करावे लागेल. पण सभासद मालक आहे, हे वार्षिक सभेत हार घालून म्हणायचे आणि वर्षभर त्याला काउंटरवर ताटकळत ठेवायचे, यात सहकाराची काही शोभा नाही. सभासदाच्या तक्रारीने संस्था मोडत नाही. तक्रार दाबल्याने मात्र ती आतून पोखरते, जशी हुमणी वरून हिरव्या दिसणाऱ्या उसाची मुळी खाते.

मात्र सगळेच ग्राहक ठरतात असे नाही. निव्वळ व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्यात येत नाही. शेअर दलालाने धंद्यासाठी घेतलेल्या ओव्हरड्राफ्टच्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने, श्रीकांत मंत्री विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात, तो ग्राहक नव्हे असे ठरविले. मग ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर घेतलेल्या आमच्या पोरांचे काय? याचे उत्तर १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सापडते. स्वतः चालवून त्यावर पोट भरण्यासाठी वाहन घेणारा हा ग्राहक. चार ट्रॅक्टर आणि चार ड्रायव्हर ठेवून धंदा करणाऱ्याला ते संरक्षण मिळणे कठीण. आणि शेतकऱ्याविषयी म्हणाल, तर राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्याला ग्राहक मानले. शेतात पिकवून विकतो म्हणून तो व्यापारी होत नाही. हा निकाल बियाण्याचा असला तरी शेतीसाठी बँकेची सेवा घेणाऱ्यालाही त्याचा आधार घेता येईल, असे आमचे मत आहे.

आणखी एक खुलासा इथेच करून टाकतो, नाहीतर पुढच्या सभेत कोणी आम्हांलाच विचारील. कारखान्याने बिल उशिरा दिले तर ग्राहक आयोगात जाता येईल का? नाही. तिथे आपण ऊस विकणारे आहोत, घेणारे नव्हे. त्यासाठी १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे, आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज. तो हक्क वेगळा आणि त्याचे दार साखर आयुक्तांकडे. पण कारखान्याने पैसे बँकेकडे वेळेत पाठविले आणि बँकेने ते खात्यावर आठ-दहा दिवस टाकलेच नाहीत, तर मात्र ती बँकेच्या सेवेतील त्रुटी होते. ही त्रुटी किती महाग पडते ते पाहा. केंद्र सरकारच्या व्याज सवलतीने ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज ७ टक्क्यांनी मिळते, वेळेत फेडले तर आणखी ३ टक्के सुटतात, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे वेळेत फेडणाऱ्याला ते बिनव्याजी पडते. म्हणजे सारा खेळ तारखेचा आहे. तारखेच्या आदल्या दिवशी पैसे बँकेत आले आणि कर्जखात्यावर चार दिवसांनी पडले, तर सभासद थकबाकीदार, आणि सवलत गेली. अशा वेळी व्याज भरून मोकळे होऊ नये. पैसे बँकेकडे कोणत्या तारखेला पोहोचले याचा दाखला कारखान्याच्या अकौंट खात्यातून घ्यावा आणि लेखी भांडावे.

(आडसालीचे दुखणे मात्र कायद्याने सुटणारे नाही. ती सवलत कर्ज उचलल्यापासून जास्तीत जास्त एक वर्षाची, आणि आडसाली ऊस शेतात उभा राहतो सोळा ते अठरा महिने. पिकाच्या वयाकडे न पाहता तारीख ठरविणाऱ्याने एकदा लागण करून पाहावी. असो.)

आता थोडे मोबाईलविषयी, कारण बिले जमा होण्याचे दिवस हे चोरांनाही ठाऊक झाले आहेत. ही आमच्या घरचीच गोष्ट आहे. आमच्या आईच्या खात्यातून नऊ हजार रुपये गेले. कोणी फोन केला नव्हता, तिने कोणाला आकडा सांगितला नव्हता. मेसेज आला तो तिला वाचता आला नाही. तो आम्ही पाहिला चौथ्या दिवशी, आणि हंगामाच्या धांदलीत शाखेत गेलो आठव्या दिवशी. दुसऱ्यांना रोज शहाणपण सांगणारे आम्ही, घरात मात्र असे वागलो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी व्यापारी बँकांसाठी आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठी नियम घालून दिला होता. त्यानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मध्येच कुठेतरी चोरी झाली, अशा वेळी ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर त्याचे काहीच नुकसान नाही, सारी रक्कम बँकेने द्यायची. चार ते सात दिवसांत कळविले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांपर्यंतचा, आणि शून्य शिलकीच्या मूलभूत खात्याला ५ हजारांपर्यंतचा तोटा सोसावा लागतो. सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाचे जे धोरण असेल ते. आमचा आठवा दिवस होता! चार महिने पत्रव्यवहार केला तेव्हा निम्मे पैसे परत आले.

हे नियम वेळोवेळी बदलत असतात, म्हणून आजचा नियम काय तो आपल्या शाखेत जाऊन विचारून घ्यावा. पण दोन गोष्टी ध्यानात धराव्यात. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या नियमात बँकेवर टाकली होती, ग्राहकावर नव्हे. आणि आपणच ओटीपी सांगून बसलो असलो तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान आपले, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणून लाज वाटली तरी त्याच क्षणी कळवावे. लोक काय म्हणतील म्हणून दोन दिवस लपवून ठेवणारे आम्ही पाहिले आहेत, आणि त्या दोन दिवसांत खाते धुऊन गेलेले पाहिले आहे. अशा चोरीची तक्रार १९३० या क्रमांकावर लगेच करता येते. हा आकडा ऊसबिलाच्या पावतीमागे छापावा, अशी सूचना आम्ही कार्यालयाकडे केली आहे.

विम्याकडे पुन्हा वळतो. खात्यातून कापलेला प्रत्येक विमा वाईट नसतो. पासबुकात वर्षातून एकदा २० रुपये कापलेले दिसतील, ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख. ४३६ रुपये कापलेले दिसतील, ती जीवनज्योती योजना, कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर २ लाख. हे विमे आपल्या भल्याचे आहेत. दुःख याचे की माणूस जातो आणि घरच्यांना त्याचा विमा होता हेच ठाऊक नसते. ज्यांच्या घरी अलीकडे कोणी वारले असेल त्या माय-बहिणींनी मयताचे पासबुक घेऊन गट ऑफिसात यावे. २० आणि ४३६ हे आकडे शोधून देण्याचे काम आमचे कर्मचारी आनंदाने करतील. बँक आपण होऊन बोलवायला येणार नाही.

पण कर्जाच्या कागदांत सरकवलेला हजारोंचा विमा ही गोष्ट वेगळी. अमुक एका कंपनीचाच विमा घेतला पाहिजे अशी सक्ती बँकेला कर्जदारावर करता येत नाही. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत, पसंत नसेल तर परत करण्याची मुभा असते. आणि कर्जाच्या बाबतीत एक साधी गोष्ट पुष्कळांना माहीत नाही ती अशी, की २ लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारण मागू नये असे रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून ठरवून दिले आहे. त्यापूर्वी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. थकबाकीवर दंड म्हणून जादा व्याज लावून ते मुद्दलात मिसळायचे आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचे, या जुन्या चालीलाही २०२४ पासून बंदी आली आहे. दंड लावायचा तर तो वेगळा आकार म्हणून दाखवायचा आणि त्यावर व्याज घ्यायचे नाही.

घरातील सोन्याविषयीही सांगतो. तालुक्याच्या गावी बँकेत लॉकर घेतलेली आपली कुटुंबे आहेत. कोलकात्याच्या एका ग्राहकाचा लॉकर बँकेने भाडे थकल्याचे सांगून नोटीस न देता फोडला. भाडे तर भरलेले होते. सात दागिन्यांपैकी दोनच परत मिळाले. ते कुटुंब वर्षानुवर्षे भांडले आणि १९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५ लाख रुपये नुकसानभरपाई आणि १ लाख खर्च देवविला; चूक करणारे अधिकारी नोकरीत असतील तर त्यांच्या पगारातून वसूल करा, असेही बजावले. लॉकरमधील वस्तूंची जबाबदारी आमची नाही असे म्हणून बँकेला हात झटकता येणार नाहीत, हे त्यातून ठरले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने लॉकरचे नियम केले, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. चोरी, आग, इमारत कोसळणे किंवा बँकेच्या नोकराची लबाडी यांमुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत. दोन हजार भाडे असेल तर दोन लाख. वीस तोळ्यांचा ऐवज त्यात ठेवणाऱ्याने हा गुणाकार आधी करावा.

ठेवींच्या बाबतीत तर आणखी सावध राहावे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत मिळतात. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी हा आकडा १ लाखच होता. जिल्हा बँक, नागरी सहकारी बँक यांना हे संरक्षण आहे. गावोगावच्या पतसंस्थांना ते नाही. पाटी तशीच रंगवलेली, काउंटर तसाच काचेचा, व्याज अर्धा-एक टक्का जास्त. पण पाठीशी विमा नाही. पतसंस्था वाईट असे आमचे म्हणणे नाही, पण आयुष्याची सारी पुंजी एका ठिकाणी ठेवताना एवढा फरक माहीत असावा.

तक्रार करायची ती कशी? तोंडी नव्हे. शाखाधिकारी चांगला माणूस असतो, चहा पाजतो, बघतो म्हणतो, आणि त्याची बदली होते. आपल्याकडे 'बोललो होतो की' याला पुरावा समजतात. आयोगापुढे त्याची किंमत शून्य. साध्या कागदावर मराठीत दहा ओळी लिहाव्यात. खाते क्रमांक, तारीख, रक्कम, काय घडले, काय पाहिजे. दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घालून पोच घ्यावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावे. एक महिना वाट पाहावी. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला पैसे पडत नाहीत. २०२१ च्या लोकपाल योजनेत जिल्हा मध्यवर्ती बँका मुळात नव्हत्या, ही आपली मोठी अडचण होती. २०२५ साली रिझर्व्ह बँकेने त्यांनाही त्यात घेतले. आपल्या दृष्टीने ही त्या वर्षातील फार महत्त्वाची बातमी होती, आणि ती आपल्या भागात कोणाच्या तोंडी आम्ही ऐकली नाही.

दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे वकील दिलाच पाहिजे असे नाही. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला शुल्क नाही. बँकेचे मुख्यालय मुंबईत असो की दिल्लीत, आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली. मुदत मात्र दोन वर्षांची. त्यानंतर उशिराचे सबळ कारण द्यावे लागते. तक्रार कशी लिहावी हे विचारायचे असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे. सगळे लवकर होते असे आम्ही म्हणणार नाही. तारखा पडतात. पण उसाच्या तोडीची वाट पाहणाऱ्याला वाट पाहणे कोणी शिकवायला नको.

आणि उलट बाजूही बोलली पाहिजे. कर्ज बुडविण्यासाठी हा कायदा नाही. सोसायटीने कलम १०१ खाली वसुलीचा दाखला काढला की ग्राहक आयोगात अर्ज टाकून वसुली थांबवू, असे सल्ले देणारे काही लोक बाजारच्या दिवशी चहाच्या टपरीवर बसलेले असतात. त्यांच्या नादी लागू नये. घेतलेले देणे फेडावे. न घेतलेले मात्र एक रुपयाही देऊ नये. कोऱ्या फॉर्मवर सही तर मुळीच करू नये, मग फॉर्म बँकेचा असो, सोसायटीचा असो, की आमच्या शेतकी खात्याचा असो. आपल्या नावावर कर्ज आहे हे बँकेची नोटीस आल्यावरच कळले, असे प्रकार या राज्यात घडून गेले आहेत.

आमच्यापुरते आम्ही एवढे ठरविले आहे की प्रत्येक गट ऑफिसात बँकेच्या तक्रारीचा छापील मराठी नमुना ठेवायचा. ज्याला लिहिता येत नाही त्याला आमच्या माणसाने लिहून द्यायचा. संचालक मंडळाची त्याला संमती मिळेल अशी आशा आहे. जिल्हा बँकेच्या आणि सोसायट्यांच्या मंडळींना विनंती आहे की यात त्यांच्याविरुद्ध काही समजू नये. कर्जाचे कागद मराठीत वाचून दाखवायला दहा मिनिटे लागतात. ती आधी दिलीत तर पुढचे पुष्कळ हेलपाटे वाचतील.

तात्यांना समजवायला दोन दिवस लागले. शेवटी त्यांची सूनबाई, जी बारावी झालेली आहे, तिने अर्ज लिहिला. "मामांनी सही केली, पण त्यांना सांगितलं कुणी?" एवढाच तिचा प्रश्न होता, आणि आम्हांला वाटते सगळा कायदा त्यात आला. महिन्याभरात बँकेने शेवटच्या हप्त्याचे बारा हजार परत केले आणि आधीच्या दोन हप्त्यांना हात वर केले. तोपर्यंत पहिल्या हप्त्याला दोन वर्षे उलटून गेलेली होती, त्यामुळे त्याचे काय होईल हे सांगता येत नाही. मधल्या हप्त्याची मुदत अजून होती. जिल्हा आयोगात तक्रार दाखल झाली आहे. पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि त्या दिवशी तात्यांच्या फडात टोळी घालू नये, असे आम्ही चिटबॉयला आजच सांगून ठेवले आहे.

– ऊस विकास अधिकारी